वाक्याची चव घेणाऱ्या कोरगावकर बाई

कोरगावकर बाईंच्या आडनावात कोरिया आहे, ही अफवा खुद्द बाईंनीच पसरवली होती.

आमची कंपनी कोरियन. कारखान्यांतली यंत्रं आपली आपण चालावीत म्हणून जे सेन्सर, कंट्रोलर आणि यांत्रिक हात लागतात, ते बनवणारी. मुख्य कचेरी सोलमध्ये, आखातातली कचेरी दुबईत, आणि शारजाच्या औद्योगिक भागात एक वर्कशॉप, जिथे कंट्रोल पॅनेल जोडले जात. एकदा सोलहून एक फार मोठे साहेब आले. ओळखपाळख चालली असताना त्यांनी बाईंच्या गळ्यातलं कार्ड वाचायचा प्रयत्न केला. “कोर... गाओन... का?” बाईंनी हात जोडले आणि अत्यंत गंभीर चेहऱ्यानं इंग्रजीत सांगितलं, की आमचं मूळ गाव कोरगाव. फार जुन्या काळी तुमच्याकडचा एक खलाशी गलबत फुटून आमच्या किनाऱ्याला लागला, त्यानं ते वसवलं. मोठे साहेब भारावून गेले. जेवताना त्यांनी बाईंना शेजारी बसवून घेतलं आणि स्वतःच्या हातानं किमची वाढली.

संध्याकाळी मी विचारलं, “ताई, हे खरं?”

“अरे मिलिंद, माझा जन्म मुलुंडचा. कोरगाव मी एकदाच पाहिलंय, लग्नानंतर, तेही बसच्या खिडकीतून.”

“आणि कुणी तपासलं असतं तर?”

“तेच बघायचं होतं मला. कुणी तपासत नाही.”

ऑफिसमध्ये त्यांना सगळे मॅडम म्हणत. मी एकटाच ताई म्हणायचो, कारण दुबईत नवा असताना पहिल्या दिवाळीला त्यांनी मला अल मनखूलच्या त्यांच्या घरी फराळाला बोलावलं होतं. शंकरपाळे इतके कडक होते, की श्रीधरराव, म्हणजे त्यांचे यजमान, ते चहात बुडवून घड्याळाकडे बघत बसायचे. बाईंना स्वयंपाक येत नव्हता आणि आपल्याला येत नाही हे मान्यही नव्हतं. ठेंगणा बांधा, सुती साडी, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. पर्समध्ये एक टॉर्च, एक थर्मामीटर आणि स्टीलचा पेला. गाडी त्या चालवत, पण त्यांच्या शेजारी बसायला कुणी तयार नसे. आणि काही खोडी सुचली की त्या चष्मा काढून पदरानं पुसायला लागत. त्यांना ओळखणारी माणसं तेवढ्यावरून सावध होत.

एके वर्षी सोलहून फर्मान आलं. युरोपातली गिऱ्हाईकं आता माल घेण्याआधी चौकशा करू लागली होती. तुमच्या कारखान्यातून धूर किती निघतो, तुमच्याकडची माणसं कशी राबतात, तुमचे साहेब कारभार सरळ करतात का. याला ईएसजी म्हणायचं. प्रत्येक शाखेनं आपल्याकडे यातले धोके कुठे आहेत ते शोधायचे आणि वर्षअखेरीच्या जाहीर अहवालात लिहायचे. हे काम कोण घेणार असं मीटिंगमध्ये विचारल्यावर सगळे आपापल्या फोनमध्ये शिरले. बाई तेव्हा क्वालिटी विभागात होत्या, निवृत्तीचं वय उलटलेल्या, वर्षावर्षाच्या करारावर. “द्या मला,” म्हणाल्या. ऑपरेशन्सचे मेहरा सगळ्यात खूश झाले. मॅडम चार झाडं लावतील, एक केक कापतील, खलास, असा त्यांचा हिशेब होता.

मला बाईंच्या हाताखाली दिलं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विषय समजावून सांगितला.

“ई म्हणजे हवापाणी, एस म्हणजे माणसं, जी म्हणजे साहेबलोक. हवापाणी मोजता येतं. माणसं विचारलं की सांगतात. साहेबलोकांचं काय करायचं ते मी बघते.”

मग आधीच्या वर्षीचा अहवाल काढला. तो एका एजन्सीनं लिहिलेला होता. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर पवनचक्क्या. आमच्या कंपनीची पवनचक्की जगात कुठेच नव्हती. बाई वाक्यावाक्याला थांबायच्या आणि विचारायच्या, “याची चव कुणी घेतलीय?”

मला आधी कळलंच नाही. त्यांनी एका वाक्यावर बोट ठेवलं. ‘शारजाच्या वर्कशॉपमध्ये सर्वांना थंड व शुद्ध पिण्याचं पाणी सदैव उपलब्ध असतं.’

“हे लिहिणारा ते पाणी प्यायलाय का? जा, चव घेऊन ये.”

भर जुलै होता. वर्कशॉपमधला कूलर केव्हाचा बंद पडला होता आणि पाणी थेट गच्चीवरच्या टाकीतून येत होतं. चहाची पूड टाकली असती तर चहा झाला असता. मी येऊन सांगितलं. बाईंनी स्वतः जाऊन आपल्या स्टीलच्या पेल्यात ते पिऊन पाहिलं, थर्मामीटर बुडवला, आणि मेहरांना मेल पाठवली. उत्तर आलं, ‘नोटेड. विल चेक. इन्शाल्ला.’ आठवडे गेले. बाईंनी चष्मा पुसला.

पुढच्या व्यवस्थापन बैठकीत प्रत्येकाच्या पुढ्यात काचेचा उंच ग्लास होता. काठावर लिंबाची चकती, वर पुदिन्याचं पान. आमचे जनरल मॅनेजर पार्क साहेब अतिशय सभ्य आणि लाजाळू गृहस्थ. त्यांनी कोरियन रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी ग्लास उचलला आणि एक घोट घेतला. चेहरा जरा हलला. मेहरांनी मोठा घोट घेतला.

“गरम है. हर्बल है क्या, मॅडम?”

“नहीं मेहराजी. अपने शारजा का है. रिपोर्ट में जो थंडा और शुद्ध लिखा है, वही.”

मेहरांनी ग्लास दूर सारला. पार्क साहेबांनीही खाली ठेवला. मग थोडा विचार करून त्यांनी तो पुन्हा उचलला आणि सगळा संपवला. त्या दिवशी मला ते साहेब पहिल्यांदा आवडले. आठवडा संपायच्या आत वर्कशॉपमध्ये नवे कूलर लागले.

बाई सगळ्यांनाच आवडत असं मात्र नाही. अहवालात गाफ या इथल्या वाळवंटी झाडाची शंभर रोपं लावल्याचं लिहिलं होतं, फोटोसकट. बाई मला घेऊन ती जागा शोधत वाळूत हिंडल्या. नर्सरीचे प्लास्टिकचे बिल्ले सापडले, रोपं नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळ्या ऑफिसला त्यांच्याकडून शोकसंदेश गेला. शंभर तरुण सहकाऱ्यांचं पाण्याअभावी अकाली निधन, मागे एक कोरडा पाइप आणि एक फोटो असा परिवार. मार्केटिंगचा जो मुलगा फोटोत रोप धरून उभा होता, तो महिनाभर बाईंशी बोलला नाही. खरं तर पाणी घालायचं काम त्याचं नव्हतंच. मी बाईंना तसं म्हटलं. मग एक दिवस त्याच्या टेबलावर तुळशीची कुंडी आली आणि बाई त्याच्यापाशी उभं राहून म्हणाल्या, “तुझी चूक नव्हती. ज्याची होती त्यानं माझी मेल वाचलीच नाही.” माफी मागायची त्यांची तीच पद्धत होती. त्या वर्षी अहवालात लिहिलं गेलं, की शंभर रोपं लावली, एकही जगलं नाही, पाणी घालायला माणूस नेमला नव्हता. सोलहून फोन आला, की हे चुकून छापलं गेलंय का.

काकडीचा किस्सा यानंतरचा.

आमची कंपनी एक चीज विकते, तिला लाइट कर्टन म्हणतात. यंत्राच्या तोंडाशी न दिसणाऱ्या किरणांचा पडदा असतो. कुणाचा हात त्यातून आत गेला, की यंत्र जागच्या जागी थांबतं. जगभरच्या कारखान्यांत आमच्या या पडद्यानं लोकांची बोटं वाचवलीत. आणि आमच्याच शारजाच्या वर्कशॉपमध्ये, तांब्याच्या पट्ट्या कापायच्या प्रेसवर, तो पडदा एक वायर टाकून बंद करून ठेवला होता. शर्टाची बाही मध्ये आली तरी यंत्र थांबतं आणि काम रेंगाळतं, म्हणून. बाईंनी मेहरांना सांगून पाहिलं. मग सोलचे दोन तपासनीस पाहणीला येणार असल्याची तारीख कळली.

त्या दिवशी बाई पर्समध्ये एक लांबलचक काकडी घेऊन आल्या. तिच्या टोकाला त्यांनी लाल नेलपॉलिश लावलं होतं. पाहुणे, पार्क साहेब, मेहरा असे सगळे प्रेसपाशी जमले. मेहरांनी माहिती दिली, की इथे आपलाच सुरक्षा पडदा बसवलेला आहे. बाईंनी प्रेस चालूच ठेवून यंत्रावरच्या माणसाला दूर उभं केलं, एका लांब चिमट्यानं काकडी धरली आणि आत सरकवली. प्रेस खाली आला. काकडीचे दोन तुकडे झाले आणि नेलपॉलिशवालं टोक उडून मेहरांच्या बुटापाशी पडलं.

 पार्क साहेब आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडे बघत राहिले. बाईंनी तुकडे उचलले.

“मॅडम, आप सीधे बोल सकते थे,” मेहरा म्हणाले.

“बोली थी, मेहराजी. जानेवारी से बोल रही हूँ.” आणि मग माझ्याकडे वळून मराठीत, “घे, कोशिंबिरीची सोय झाली.”

मेहरा वाईट माणूस नव्हता, हे सांगायला हवं. माल वेळेवर गेला पाहिजे या एका काळजीनं त्यांना ग्रासलेलं होतं. बाईंनाही ते माहीत होतं. मेहरांच्या मुलीच्या गणिताच्या शंका त्या फोनवर सोडवून देत. पण त्यांचं म्हणणं असं, की वाईट माणसांपासून सावध राहता येतं, घाईतल्या माणसांपासून राहता येत नाही.

आता मुख्य गोष्ट.

वर्कशॉपमधली निम्मी माणसं एका ठेकेदारानं पुरवलेली होती. त्यांतला रामदुलार नावाचा फिटर एका दुपारी नव्या कूलरपाशी नुसताच बसून होता. पाणी वाहून चाललेलं, त्याचं लक्ष नाही. बाईंनी नळ बंद केला आणि त्याच्यासमोर स्टूल ओढून बसल्या.

“क्या हुआ?”

“बाबूजी अस्पताल में हैं, मॅडम. गाँव जाना है. पासपोर्ट ठेकेदार के पास है.”

“माँगा?”

“माँगा. पूछता है, क्यों चाहिए, कहाँ जाना है, वापस आएगा इसकी क्या गॅरंटी. बोलता है, मेरे पास सेफ है, तेरे पास गुम हो जाएगा.”

ठेकेदाराच्या सगळ्याच माणसांचे पासपोर्ट त्याच्या कपाटात होते. दुसऱ्याचा पासपोर्ट ठेवून घेणं इथे कायद्यानं मना आहे, हे ठेकेदारालाही माहीत होतं. आणि आमच्या अहवालाच्या मसुद्यात छापील वाक्य होतं, की आमच्या किंवा आमच्या ठेकेदारांच्या कोणत्याही कामगाराची ओळखपत्रं ठेवून घेतली जात नाहीत.

बाई मेहरांकडे गेल्या. मेहरा म्हणाले, “हमारे आदमी नहीं हैं, मॅडम. ज़्यादा बोलेंगे तो वो अपने लोग उठा लेगा, फिर पॅनेल कौन बनाएगा? और अगले महीने युरोपवाले ऑडिट पे आ रहे हैं. अभी नहीं.” बाई पार्क साहेबांकडे गेल्या. साहेबांना वाईट वाटलं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. पण म्हणाले, ऑडिट झालं की आपण एक समिती नेमू.

बाहेर आल्यावर बाईंनी चष्मा पुसायला घेतला. बराच वेळ पुसत राहिल्या. मी म्हटलं, “ताई, या वेळी नको.”

“का रे? मी काय करणार आहे हे मलासुद्धा अजून ठाऊक नाही.”

दुसऱ्या दिवशी सगळ्या मॅनेजरांना सूचना गेली. ईएसजीच्या कामासाठी मूळ पासपोर्ट कोरगावकर मॅडमकडे जमा करावेत. एकानंही का म्हणून विचारलं नाही. बाईंनी टेबलावर बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा ठेवला होता. त्यात एकेक पासपोर्ट पडत गेला. पार्क साहेबांनी आपला दोन्ही हातांनी दिला आणि वर आभार मानले. बाईंनी डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं.

दोन दिवसांनी पार्क साहेब दुपारी बाईंच्या टेबलापाशी आले. रात्रीचं सोलचं विमान होतं. मेहरा आणि मी तिथेच होतो. सगळं बोलणं इंग्रजीत झालं, पण मला ते मराठीतच आठवतं.

“मॅडम, माझा पासपोर्ट द्याल का?”

“कशाला हवाय, सर?”

“मी आज सोलला जातोय.”

“का? इथे काही त्रास आहे का तुम्हाला?”

“नाही, नाही. आईचा वाढदिवस आहे. ऐंशी वर्षांची होतेय.”

“आजारी आहेत का त्या?”

“नाही. वाढदिवस आहे.”

“मग पुढच्या वर्षी जा. वाढदिवस काय, दर वर्षी येतो.”

साहेब हसले. बाई हसल्या नाहीत. साहेबांचं हसू हळूहळू विरलं.

“मॅडम, पासपोर्ट.”

“तुम्ही परत येणार कशावरून? ऑडिट तोंडावर आलंय. तुम्ही गेलात आणि आलाच नाहीत, तर माझं काम कोण करणार?”

“पण तो माझा पासपोर्ट आहे.”

“अगदी सुरक्षित आहे, सर. तुमच्याकडे असता तर हरवला असता.”

पार्क साहेबांचे कान लाल झाले होते. त्यांचे हात काहीतरी मागितल्यासारखे पुढे आले होते आणि तसेच राहिले होते. मागे उभे असलेले मेहरा इतका वेळ गालात हसत होते. एकाएकी त्यांचा हात कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला आणि रिकामाच बाहेर आला.

बाई उठल्या. कपाट उघडून डबा काढला, साहेबांचा पासपोर्ट शोधला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला.

“सर, मी एकही प्रश्न माझ्या मनचा विचारला नाही. रामदुलार नावाच्या माणसाला जे विचारलं गेलं, तेच विचारलं. फक्त त्याचे वडील खरंच आजारी आहेत.”

साहेबांनी तो दोन्ही हातांनी घेतला. मग मला म्हणाले, “तुझी गाडी आहे ना? चल, शारजाला.”

पुढच्या सीटवर साहेब, मागे बाई आणि मेहरा. मेहरांना कुणी बोलावलं नव्हतं. पण त्यांचा पासपोर्ट अजून डब्यात होता आणि डबा बाईंच्या मांडीवर होता.

ठेकेदारानं त्याच्या शारजाच्या कचेरीत आमचं फार प्रेमानं स्वागत केलं. चहा मागवला. “हबीबी, ये सब इन लोगों के भले के लिए है. मैं तो लॉकर का काम करता हूँ, वो भी फ्री में.” पार्क साहेब त्यांच्या तुटक इंग्रजीत म्हणाले, “सगळे. आज.”

“इन्शाल्ला, कल.”

पार्क साहेबांनी एक खुर्ची ओढली आणि तिच्यावर ताठ बसले, हात मांडीवर. “मी थांबतो. विमान जाऊ दे.”

ठेकेदाराला वाटलं साहेब रागाच्या भरात बोलतायत, थोड्या वेळानं उठतील. पण साहेब उठेनात. चहावर साय धरली. बाहेर संध्याकाळचा ट्रॅफिक तुंबायला लागला. मी एकदा विमानाची वेळ सुचवली, तर साहेबांनी नुसती मान हलवली. ठेकेदारानं आधारासाठी मेहरांकडे पाहिलं. इतक्या वर्षांची त्यांची ओळख. मेहरा खिडकीपाशी उभे होते.

“दे दो यार,” मेहरा म्हणाले. “दो दिन से मेरा खुद का एक डब्बे में पड़ा है. आज समझ में आया. बार-बार हाथ जेब में जाता है.”

बाईंनी चटकन मेहरांकडे पाहिलं. मला वाटतं, त्या दिवसात बाईंना एवढ्याच एका गोष्टीनं चकित केलं.

कपाट उघडलं गेलं. ठेकेदाराची माणसं शिफ्ट संपवून आली होती. नाव पुकारलं की एकेक जण पुढे येई, आपला फोटो बघे आणि बाजूला होई. रामदुलारनं आपला पासपोर्ट रुमालात गुंडाळून शर्टाच्या आत ठेवला. तो त्याच आठवड्यात गावी गेला. त्याचे वडील बरे झाले, आणि बरे झाल्यावर पहिलं काम त्यांनी हे केलं, की एवढं तिकीट काढून आलास कशाला म्हणून त्याला झापलं. हे सांगताना तो खूप हसायचा. पार्क साहेबांना विमान मिळालं, पण धावत. मेहरांचा पासपोर्ट बाईंनी परतीच्या वाटेवर गाडीतच दिला. “गिन लो, पन्ने पूरे हैं,” म्हणाल्या.

इथे सगळं संपेल असं मला वाटलं होतं. खरं भांडण पुढेच होतं.

“पासपोर्ट मिल गए, मामला खत्म,” मेहरा म्हणाले. “अब रिपोर्ट में लिखना क्यों? युरोपवाले पढ़ेंगे तो ऑर्डर गया समझो.”

“बुखार उतर गया तो भी डॉक्टर को बताते हैं, मेहराजी.”

“डॉक्टर ऑर्डर कॅन्सल नहीं करता.”

या बोलण्यात तथ्य होतं आणि बाईंनी ते नाकारलं नाही. ऑर्डर मोठी होती. ती गेली तर वर्कशॉपमधली माणसंही कमी होणार होती, कदाचित रामदुलारच. बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी पार्क साहेबांसमोर एक कागद ठेवला. त्यावर दोनच वाक्यं होती. ‘आमच्या ठेकेदाराकडे कामगारांचे पासपोर्ट अडकवून ठेवलेले सापडले आणि ते परत करवले. हे याआधी सापडलं नाही, कारण आम्ही पाहिलं नव्हतं.’

साहेबांनी दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवलं. “हे हवंच का?”

“पहिलं वाक्य त्या ठेकेदाराबद्दल आहे, सर. आपल्याबद्दलचं हेच आहे.”

साहेबांनी सही केली.

अहवाल सोलला पोहोचल्यावर पार्क साहेबांना फोन आला. काचेच्या खोलीत ते उभं राहून बोलत होते. बोलत कसले, ऐकत होते, आणि मधूनमधून ‘ने... ने...’ म्हणत होते. कोरियनमध्ये ‘ने’ म्हणजे ‘होय’. बाई बाहेर कॉफीचा कप घेऊन उभ्या होत्या.

“बघ,” त्या मला हळूच म्हणाल्या, “ते तिकडून विचारतायत, हिला कुठे नेऊन टाकू? आणि हे बिचारे म्हणतायत, ने, ने.”

मी हसलो. नंतर कळलं, की त्या फारशा चुकल्या नव्हत्या.

युरोपवाले आले. त्यांनी ते पान उघडून दिवसभर प्रश्न विचारले, रामदुलारच्या सोबत्यांशी बोलले, आणि ऑर्डर निम्मीच दिली. उरलेली पुढच्या वर्षी बघू म्हणाले. कुणाची नोकरी गेली नाही, पण ओव्हरटाइम बंद झाला आणि त्याबद्दल माणसं कुरकुरली. ठेकेदार बदलला. आणि बाईंचा करार पुढे वाढवला गेला नाही. सोलच्या पत्रात ‘पुनर्रचना’ असा शब्द होता.

पार्क साहेबांनी हे स्वतः येऊन सांगितलं. ते जमिनीकडे बघत बोलत होते. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“सर, मग अहवालात आणखी एक वाक्य घालावं लागेल. जिनं हे लिहिलं, तिला घरी पाठवलं.”

साहेब हसले नाहीत. ते दोन पावलं मागे सरले आणि कमरेत वाकले. सोलच्या त्या मोठ्या साहेबांपुढेसुद्धा मी त्यांना इतकं खाली वाकताना पाहिलं नव्हतं. आणि बाई, ज्यांना कधी शब्दाची वाण पडली नाही, त्या काय करावं न सुचून तशाच वाकल्या, आणि दोघांची डोकी आपटायची थोडक्यात वाचली.

पुढच्या वर्षी सोलहून सगळ्या शाखांना जी प्रश्नावली आली, तिच्यात एक नवा रकाना होता. हे प्रत्यक्ष जाऊन कुणी पाहिलं? ही कल्पना कुणाची, असं मी पार्क साहेबांना विचारलं. ते म्हणाले, त्यांना माहीत नाही.

करार संपल्यावर कायमचं मुलुंडला परतायच्या आदल्या रविवारी बाई आणि श्रीधरराव डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या घरी जेवायला आले होते. जेवणानंतर माझी मुलगी सई कॅरमबोर्ड घेऊन आली. ती चौथीत, इथेच वाढलेली. मराठी सगळं कळतं, बोलते इंग्रजीत.

“मी लबाडी करते हं,” बाईंनी बसतानाच सांगितलं.

“ओके आजी,” सई म्हणाली. तिला ती गंमत वाटली.

गंमत नव्हती. बाई स्ट्रायकर रेषेपुढे सरकवत, सई बाजूला बघतेय असं दिसलं की सोंगटी बोटानं ढकलत, गुण वाढवून सांगत. सईचा चेहरा उतरत चालला. शेवटी ती म्हणाली, “दॅट्स चीटिंग, आजी.”

“मग? आधीच जाहीर केलं होतं ना?”

“सेइंग इट डझन्ट मेक इट ओके.”

बाईंनी स्ट्रायकर खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं, श्रीधररावांकडे पाहिलं. “ऐकलंत? सोलमध्ये एवढे लोक बसलेत, पण अहवालाबद्दल हे मला कुणी बोललं नाही.” आणि मग त्यांनी डाव मोडला, सोंगट्या पुन्हा लावल्या आणि सईशी सरळ खेळल्या. सरळ खेळल्यावर वाईट हरल्या. कॅरमही त्यांना येत नव्हता.

निघताना आम्ही सगळे लिफ्टपर्यंत गेलो. सईनं नमस्कार केला, बाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. लिफ्टचं दार मिटायला लागलं, तेव्हा बाईंनी मूठ पुढे करून उघडली. तळहातावर आमच्या कॅरमची लाल राणी होती.

सई धावेपर्यंत दार मिटलं होतं. आम्ही बाल्कनीत आलो. खाली दोघं टॅक्सीची वाट बघत उभी होती. बाई दिव्याखाली मूठ उघडून श्रीधररावांना काहीतरी दाखवत होत्या, आणि आयुष्यात चार शब्द मोजून बोलणारे श्रीधरराव खांबाला धरून हसत होते.